अंगावर पाजतेय आणि तीन-तीन गोळ्या चालू आहेत, दूध टाकून द्यायचं का?

रंकाळ्याकाठची | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. सिझर झालंय, पण पूर्ण दिवसांची आहे, जन्मताना पावणेतीन किलो होती. मला लग्नाआधीपासून थायरॉइड आहे, सकाळी ७५ ची गोळी घेते. आठव्या महिन्यात बीपी वाढलं ते बाळंतपणानंतर पण पूर्ण उतरलं नाही म्हणून एनालाप्रिल चालू केलं होतं. एवढं असून पाजणं छान चाललं होतं ओ, रात्री दोन-दोन तासांनी उठायची आणि पिऊन झोपायची.

शनिवारी डावी बाजू दगडासारखी झाली. लाल, गरम, हात लावू देईना, आणि रात्री हुडहुडी भरून १०२ ताप. रविवारी आमच्या डॉक्टर नव्हत्या म्हणून जवळच्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक आणि तापाला पॅरासिटामॉल लिहून दिलं. हे गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले तर तिथला मुलगा म्हणाला, बाई अंगावर पाजत असतील तर एवढ्या गोळ्यांवर पाजू नका, कोर्स होईपर्यंत दूध काढून टाका. मग मी घरी सगळ्या गोळ्यांची नावं नेटवर टाकून बघत बसले, तर एनालाप्रिलला लाल अक्षरात धोकादायक असं आलं आणि माझे हातपाय गळाले. सासूबाई म्हणाल्या बीपीची गोळी राहू दे चार दिवस, मीठ कमी खा, पोरीला काय झालं म्हणजे?

तर रविवार रात्रीपासून बीपीची गोळी बंद आहे आणि दूध पण बंद. वाटीत पिळून काढते, मोरीत ओतवत नाही म्हणून परसातल्या जास्वंदीच्या बुडात ओतून येते. डब्याचं दूध बोंडल्यानं द्यायला बघतोय, ती अर्धं बाहेर काढते आणि माझ्या ब्लाउजकडं तोंड करून रडते. दोन दिवस झाले. आज तर मीच रडले. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा की.

मूळची_गडहिंग्लजची | मंगळवार, रात्री ११.५२

मी बाळंतिणींच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, नाइटला आहे, त्यामुळं पटापट लिहिते. बाकीचं नंतर, आधी हे. घरात बीपीचं मशिन आहे का? असलं तर आत्ता उठून पाच मिनिटं शांत बसा आणि बघा. डोकं दुखतंय का, डोळ्यासमोर काजवे किंवा धूसर, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, यातलं काही आहे का? १६०/११० च्या आसपास आकडा आला किंवा यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघायची नाही, रिक्षा काढा आणि सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीत जा नाहीतर १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतर बीपीचे झटके येत नाहीत असं लोकांना वाटतं पण सहा आठवड्यांपर्यंत ते येऊ शकतात, आणि तुम्ही त्या काळातून आत्ताच बाहेर आलाय. गोळी मनानं थांबवायला नको होती ताई, रागावत नाही, काळजीनं सांगतेय.

रंकाळ्याकाठची | बुधवार, रात्री १२.०५

१५०/९६. डोकं जड आहे पण दुखत नाही, डोळ्याला काही नाही.

मूळची_गडहिंग्लजची | बुधवार, रात्री १२.१४

बरं. मग ऐका. तुमच्या डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली नव्हती ना? मग आत्ताच त्यांना किंवा त्यांच्या दवाखान्याच्या नंबरवर फोन लावा, नाइटला कुणीतरी असतंच, दोन दिवस चुकलंय हे सांगा आणि आज रात्रीचं काय करू ते विचारा. लाज वाटून घेऊ नका.

आणि दुसरं, पोरीला घ्या जवळ. सेफॅलेक्सिन अंगावर पाजताना चालतं, वॉर्डात सिझरच्या बायकांना याच जातीची औषधं देऊनच पाजायला लावतो. पॅरासिटामॉल तर ताप आलेल्या लहान बाळांनासुद्धा देतात. थायरॉइडची गोळी म्हणजे जे हार्मोन अंगात असायलाच हवं तेच भरून काढतो आपण, ती कधीच थांबवायची नाही. डावीकडून पण पाजा. त्या दुधानं बाळाला काही होत नाही, उलट दूध तुंबून राहिलं तर गाठीचा गळू होतो आणि मग चीर द्यावी लागते.

दुखत असेल तर आधी उजवीकडून सुरू करा, पान्हा फुटला की डावीकडं वळवा. पाजून झाल्यावर थंड पाण्याची घडी ठेवा. आणि घरात कुणी जोरजोरात चोळून गाठ फोडायला बघत असेल तर हात जोडून नको म्हणा. आत सूज असते, चोळून ती वाढते. आणि रिकामं करायचं म्हणून सारखं पिळत पण बसू नका, जेवढं पोरगी पिते तेवढं बास.

रंकाळ्याकाठची | बुधवार, रात्री १.१०

डॉक्टरांशी बोलणं झालं. गोळी घ्यायला सांगितली, घेतली. सकाळी दहाला बोलावलंय. आणि ताई, घेतलं तिला. आधी तोंडच लावेना, दोन दिवसांत विसरली काय असं वाटलं, मग मी उताणी पडून तिला दुपट्यासकट नुसती छातीवर घेतली तर तिनंच डोकं हलवत हलवत शोधलं. डावीकडं लागली तेव्हा डोळ्यातून पाणी आलं एवढं दुखलं, पण नंतर ती गिळताना कट्-कट् आवाज यायला लागला आणि बाजू मऊ पडत गेली. आत्ता झोपलीय, हात माझ्या मंगळसूत्रात अडकलाय.

औषधी_माणूस | बुधवार, सकाळी ८.३०

मी फार्मासिस्ट आहे, राजारामपुरीत बसतो. आधी आमच्या लोकांच्या वतीनं सॉरी म्हणतो, काउंटरवरच्या पोरानं एवढं मोठं सांगायला नको होतं. त्यानं फक्त म्हणायचं होतं, डॉक्टरांना विचारलंय का, नाहीतर मी फोन लावून देतो.

आता नेटवरचं लाल अक्षर. एनालाप्रिल गरोदरपणात चालत नाही हे शंभर टक्के खरं, पोटातल्या बाळाच्या किडनीवर त्याचा परिणाम होतो. पण पोटात असताना औषध वारेतून थेट बाळाच्या रक्तात जातं, आणि अंगावर पाजताना ते आधी आईच्या रक्तातून दुधात उतरायला लागतं, मग बाळाच्या पोटातून पचून पुढं जायला लागतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक सगळ्यात जास्त इथंच गल्लत करतात. एनालाप्रिल दुधात इतकं कमी उतरतं की बाळंतपणानंतर बीपीसाठी ते मुद्दाम निवडतात. पहिल्या काही दिवसांत आणि बाळ कमी दिवसांचं असलं तर आईला डॉक्टर ते जास्त जपून देतात, तुमची मुलगी पूर्ण दिवसांची आहे आणि सात आठवड्यांची आहे. निफेडिपिन, लॅबेटालॉल पण चालतात. अ‍ॅटेनोलॉल मात्र दुधात बऱ्यापैकी उतरतं म्हणून तान्ह्या बाळाच्या आईला शक्यतो दुसरं देतात.

अंदाज कसा घेतात ते पण सांगतो, कारण ते कळलं की भीती निम्मी होते. आईला तिच्या वजनाच्या हिशोबानं जेवढं औषध पोचतं त्याच्या मानानं बाळाला त्याच्या वजनाच्या हिशोबानं दुधातून किती मिळतं ते काढतात. ते १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण चालण्यासारखं मानतात, आणि बहुतेक औषधं त्याच्या खूपच खाली असतात. रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचे कण इतके मोठे की दुधात येणं अवघड, आणि इन्सुलिन दुधात आलं तरी बाळाच्या पोटात ते पचून संपतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं लॅक्टमेड म्हणून एक फुकट संकेतस्थळ आहे, तिथं एकेक औषधाचं दुधातलं प्रमाण दिलेलं असतं. आपल्या डॉक्टरांसमोर ते उघडून धरा, कुणी रागवत नाही, आणि रागावलं तरी विचारा.

दुखण्यावरचं आयब्युप्रोफेन एरवी पाजताना चालतं पण तुम्हाला बीपी आहे आणि एनालाप्रिल चालू आहे, म्हणून ते विचारल्याशिवाय घेऊ नका. सेफॅलेक्सिननं बाळाला थोडं पातळ होऊ शकतं किंवा तोंडात पांढरा थर येऊ शकतो, आला तर दाखवा. आणि थायरॉइडची गोळी आणि बाळंतपणानंतरची लोह-कॅल्शियमची गोळी एका वेळी घेताय का? चार तासांचं अंतर पाहिजे, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट लागू पडत नाही.

रंकाळ्याकाठची | बुधवार, सकाळी ८.४१

अगं बाई, मी तिन्ही सकाळी चहाबरोबर घेत होते. कुणी सांगितलंच नव्हतं.

बावड्याची_लेक | बुधवार, दुपारी २.१५

माझं पण लिहिते, कारण गोळी मनानं बंद करण्याचं मी फार वाईट भोगलंय. मला फिट येतात, लेव्हेटिरासिटाम चालू आहे. पोरगा महिन्याचा असताना कुणीतरी म्हणालं या गोळीनं बाळ मंद होतं, म्हणून घरी कुणाला न सांगता मी अर्धी केली. त्यात रात्रीची झोप नाही. एका पहाटे पाजता पाजता फिट आली. नशीब मी कॉटवर नव्हते, खाली गादीवर होते, पोरगा कडेला घरंगळला आणि रडला म्हणून आई जागी झाली. त्याला काही लागलं नाही. मला अजून कधीकधी रात्री ते आठवून घाम फुटतो.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, बाळाला तुझ्या गोळीपासून जेवढा धोका आहे त्याच्या कितीतरी पट धोका तुझ्या फिटपासून आहे. गोळी परत पूर्ण केली, पाजणं सुरूच ठेवलं. बाळ सारखं झोपतंय का, नीट ओढतंय का आणि वजन वाढतंय का एवढं बघायला सांगितलं. आणि घरच्यांना सांगितलं की पाजायचं ते खाली गादीवर बसून, आंघोळ घालताना एकटीनं घालायची नाही, आणि रात्रीचं एक पाजणं दुसऱ्यानं करायचं म्हणजे तिची सलग झोप होईल. मी झोपायच्या आधी दूध काढून ठेवायची आणि हे रात्री दोनला वाटी-चमच्यानं पाजायचे. बाहेर चार तास राहतं, उन्हाळ्यात आम्ही फ्रिजमध्येच ठेवायचो. पोरगा आता दीड वर्षाचा आहे, गॅलरीतून केएमटीची बस दिसली की ओरडतो.

शेवंता_काकू | बुधवार, दुपारी ३.३०

पोरींनो मी जुनी बाई, माझं ऐका. दूध आटू नये म्हणून डिंकाचं लाडू, अळिवाची खीर, शतावरी, बाळंतशेप, एवढं करा. मी चार पोरं वाढवली. माझ्या सुनंला पण मी काढा करून देतो आणि शेक देतो. एक गोष्ट मात्र मी माझ्या तोंडानं सांगतो, आमच्यात बायका मिश्री लावत्यात, मी पण लावायचो. नातीच्या वेळी आशाताईनं सांगितलं की ती तंबाखूच असती, ती दुधातनं उतरती, बाळ झोपत न्हाई आणि दूध पण कमी येतं. तवापासनं घरातनं डबी बाहीर टाकली.

नाशिककर_आई | बुधवार, दुपारी ३.४५

काका, किती छान सांगितलंत.

शेवंता_काकू | बुधवार, दुपारी ३.५०

काका न्हवं गं बाळे, काकू. कोल्हापूरच्या बायका "मी करतो, मी जातो" असंच बोलत्यात.

मूळची_गडहिंग्लजची | बुधवार, संध्याकाळी ५.१०

काकू, मिश्रीचं तुम्ही लिहिलंत ते आम्ही दहा वेळा सांगून होत नाही. तुमच्या वयाच्या बाईनं सांगितलं की सुना ऐकतात.

लाडू, खीर खुशाल द्या, अन्नच आहे ते. फक्त साखर असलेल्या बाळंतिणीला लाडू मोजून. काढ्याचं मात्र बाटलीवर काय-काय आहे ते लिहिलेलं नसेल तर नको, आणि भस्म असलेलं काही तर अजिबात नको, काहींत शिसं सापडलंय आणि शिसं दुधातून जातं. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक असं धरू नका, ते पण औषधच आहे, डॉक्टरांना सांगायच्या यादीत ते पण घाला.

यंत्रमाग_गल्ली | बुधवार, रात्री ९.००

इचलकरंजीहून लिहितोय. बहिणीला बाळंतपणानंतर महिन्यानं टीबी निघाला. घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की आता बाळ तिच्यापासून लांब ठेवायचं, दूध तर विषयच नाही. सरकारी दवाखान्यात मॅडमनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की नेहमीच्या टीबीच्या चारही गोळ्यांवर पाजता येतं, दुधातून टीबी जात नाही, खोकल्यातून जातो, म्हणून तोंडाला मास्क लावून पाजायचं आणि खिडकी उघडी ठेवायची. बाळाला तपासून त्याला पण टीबी होऊ नये म्हणून औषध चालू केलं, बहिणीला बी-६ ची गोळी दिली. एकच सांगून ठेवतो, टीबीच्या औषधातल्या रिफॅम्पिसिननं लघवी, घाम, सगळं नारिंगी होतं. बहिणीच्या ओढणीवर नारिंगी डाग पडला तेव्हा आई रक्त समजून किंचाळली होती. मॅडमनी आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, आता दोघं ठणठणीत आहेत.

उचगावचा_बाबा | बुधवार, रात्री १०.२०

हे कुठं बोलायचं कळत नव्हतं. बायकोला बाळ झाल्यापासून सारखं रडू येतं, बाळाकडं बघावंसं वाटत नाही म्हणते, झोप मिळाली तरी झोप लागत नाही. दीड महिना झाला. डॉक्टरांनी सर्ट्रालिन लिहून दिलंय. आई म्हणते मनाच्या गोळ्या घेऊन पाजलं तर पोर वेडं होईल. बायको म्हणते मग मी गोळीच घेत नाही.

औषधी_माणूस | बुधवार, रात्री १०.४५

दादा, सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं, पाजणाऱ्या बाईला नैराश्याची गोळी द्यायची तर डॉक्टर बहुतेक वेळा आधी तीच निवडतात. आईंना एवढंच सांगा की गोळी न घेता खचत चाललेली आई बाळाला परवडणारी नाही. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर तुम्ही तिच्याजवळ राहा, बाळ तुम्ही घ्या, तिला झोपू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि तिच्या तोंडून मरणाचं किंवा बाळाला काही करण्याचं एक वाक्य जरी आलं तरी त्याच तासाला दवाखाना, एकटं सोडायचं नाही.

उचगावचा_बाबा | बुधवार, रात्री ११.०२

तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. गोळी घेतली.

तीन_वर्षांनी_आई | गुरुवार, सकाळी ७.३०

सगळं वाचलं, चांगलंच लिहिताय सगळे. पण माझ्यासारख्या बायका पण हे वाचतात म्हणून लिहिते. मला थायरॉइडचा कॅन्सर होता आणि रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन द्यायचं ठरलं. त्यात मध्यममार्ग नसतो, त्या बाळासाठी पाजणं कायमचं थांबवावं लागतं, आणि ते पण औषध द्यायच्या काही आठवडे आधीच. केमोथेरपीवर असलेल्या बायकांना पण पाजता येत नाही. मी माझ्या मुलाला पाच महिने पाजलं आणि थांबवलं. हळदीकुंकवाला एक बाई म्हणाली, पाजत नाहीस, फिगर सांभाळतेस का? मी उठून घरी आले. ज्यांना खरंच थांबवावं लागतं त्यांच्याशी जरा मायेनं वागा. डब्याचं दूध प्रमाणात, उकळलेल्या पाण्यात आणि स्वच्छ वाटी-चमच्यानं दिलं तर मूल वाढतं, माझं वाढलंय.

मूळची_गडहिंग्लजची | गुरुवार, सकाळी ८.०५

ताई, तुम्हाला नमस्कार. त्या बाईला हे विचारायचा काही हक्क नव्हता. वॉर्डात आम्ही पण कधीकधी पाजलंच पाहिजे असं एवढ्या जोरात बोलतो की जिला जमत नाही तिचं मन मोडतं, हे मी लक्षात ठेवीन.

रंकाळ्याकाठची | शुक्रवार, रात्री ९.३०

आले परत. डॉक्टरांनी बुधवारी तपासलं, गळू झालेला नाही, कोर्स पूर्ण करायला सांगितला. ताप काल सकाळपासून नाही, गाठ लिंबाएवढी उरलीय. बीपी आज १३४/८६. एनालाप्रिल तेच चालू. थायरॉइडची रक्ततपासणी पण करायला सांगितली, गरोदरपणात वाढवलेला डोस बाळंतपणानंतर कमी करायला लागतो म्हणे आणि सहा आठवड्यांनी तपासायचं राहूनच गेलं होतं.

मी चिठ्ठीवर सगळं लिहून नेलं होतं, गोळ्यांची नावं, वेळा, शतावरीची पावडर सुद्धा. आणि "ही गोळी चालेल का" एवढंच न विचारता "ही चालत नसेल तर पाजता येईल अशी दुसरी कोणती" असं विचारलं. पुढचा पाळणा लांबवण्याचं पण विचारून घेतलं. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्यांनी दूध कमी होतं आणि मला बीपी असल्यामुळं त्या तशा पण नकोत, म्हणून त्यांनी सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी छाया नावाची गोळी सुचवली, त्यात हार्मोन नाही. सासूबाई बरोबर होत्या. बाहेर आल्यावर रिक्षात काही बोलल्या नाहीत, घरी आल्यावर स्वतः मशिन काढून माझ्या दंडाला पट्टा बांधला.

पोरीचं वजन तीन किलो नऊशे भरलं.

फुलेवाडी_नवीन | शुक्रवार, रात्री ११.१५

मला पण विचारायचंय. बाळ तीन महिन्यांचं आहे, मला शिंकांची अ‍ॅलर्जी आहे, नाक गळतंय सारखं. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणलीय, घेऊ का? दोन दिवस झाले दूध पण कमी वाटतंय.

रंकाळ्याकाठची | शुक्रवार, रात्री ११.२१

घेतलीस का आधीच? पट्टी उलटी कर आणि मागं बारीक अक्षरात काय-काय नावं आहेत ती सगळी इथं लिही, नुसतं कंपनीचं नाव नको.

फुलेवाडी_नवीन | शुक्रवार, रात्री ११.२६

चार घेतल्या. पॅरासिटामॉल, सेटिरिझिन आणि स्युडोएफेड्रिन असं लिहिलंय.

औषधी_माणूस | शुक्रवार, रात्री ११.३३

ते तिसरं नाव. नाक सुकवतं तसं दूध पण कमी करतं. ही पट्टी बाजूला ठेव, बाळाला आज रात्री जास्त वेळा घे. नुसतं सेटिरिझिन थोड्या दिवसांसाठी चालण्यासारखं आहे, बाळ जास्त झोपाळू होत नाही ना एवढं बघायचं, पण उद्या डॉक्टरांना ही पट्टी दाखवूनच सुरू कर. नाकासाठी तोवर मिठाच्या पाण्याचे थेंब.